खुन्यांच्या तुकड्या

सध्या आमच्या घरी रात्रीची जेवणं झाली की खून सुरू होतात. घाबरू नका, टीव्हीवर. नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अभ्यासातून डोकं वर काढलं की त्याला असल्या इंग्रजी मालिका लागतात. 'माइंडहंटर' नावाची एक मालिका आहे. २०१७ आणि २०१९ साली तिचे दोन सीझन आले. ती तो आता दुसऱ्यांदा बघतो आहे. मी शेजारी बसून लसूण सोलते. अर्धे संवाद मला कळतात, अर्धे तो सांगतो.

परवा तो मध्येच म्हणाला, "आजी, हा बघ, हा ऑर्गनाइज्ड. मघाचा होता ना, तो डिसऑर्गनाइज्ड."

मी म्हटलं, "म्हणजे हा अ तुकडीतला आणि तो क तुकडीतला का रे?"

तो खूप हसला. मी गमतीने बोलले होते खरी, पण ते वाक्य नंतर डोक्यातून जाईना. चौतीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आम्हा शिक्षकांचं एक काम असायचं, तुकड्या पाडणं. मागच्या वर्षीचे मार्क, आधीच्या बाईंचा शेरा, आणि बाप काय करतो ते. (हे तिसरं कुठे लिहिलेलं नसायचं, पण बघितलं जायचं.) म्हणजे माणसांना कप्प्यांत घालण्याच्या कामातली मी जुनी कामगार. तेव्हा खुन्यांच्या तुकड्या कोणी पाडल्या आणि कशा पाडल्या, हे वाचावं असं ठरवलं. माझं बी. ए. मराठी माध्यमातून झालेलं, त्यामुळे इंग्रजी लेख शब्दकोश जवळ घेऊनच वाचावे लागतात. महिना गेला त्यात. पण वेळच वेळ आहे.

तर सांगायचं ते असं. अमेरिकेत एफबीआय ही तपास संस्था आहे. तिच्या व्हर्जिनिया राज्यातल्या क्वांटिको इथल्या अकादमीत वर्तनशास्त्राचा एक विभाग होता, तोही चक्क तळघरात. तिथले रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस हे दोन अधिकारी १९७०च्या दशकाच्या शेवटी तुरुंगातुरुंगांत जाऊन खुन्यांशी बोलू लागले. पुढे ॲन बर्जेस नावाच्या बाई त्यांना येऊन मिळाल्या. मानसिक रुग्णांच्या शुश्रूषेतल्या त्या प्राध्यापिका. या पोलिसांच्या गप्पांना अभ्यासाची शिस्त लावली ती बाईंनी. सगळ्यांना सारखे प्रश्न विचारा, उत्तरं नोंदवा, मग मोजा. तक्ते आखायला कोणीतरी लागतंच. असो.

त्या अभ्यासात छत्तीस खुनी होते. सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या गुन्ह्यांत लैंगिक भाग होता. त्यांतले चोवीस 'ऑर्गनाइज्ड', म्हणजे आपण नियोजनबद्ध म्हणू, आणि बारा 'डिसऑर्गनाइज्ड', म्हणजे विस्कळीत. नियोजनबद्ध खुनी हुशार असतो, नोकरी करतो, बहुधा बायको किंवा मैत्रीण असते, गाडी बाळगतो, हत्यार घरून आणतो आणि परत घेऊन जातो, प्रेत लपवतो, वर्तमानपत्रात आपली बातमी वाचतो. विस्कळीत खुनी एकटा किंवा आईबापांबरोबर राहतो, घराजवळच गुन्हा करतो, हाताला येईल त्याने मारतो आणि प्रेत तिथेच टाकून जातो. गुन्ह्याची जागा नीट वाचली की माणूस कुठल्या तुकडीतला ते कळतं, आणि तुकडी कळली की त्याचं घर, नोकरी, स्वभाव यांचा अंदाज बांधता येतो, असा हा विचार. १९८८ साली यावर पुस्तक आलं, १९९२ साली गुन्ह्यांच्या वर्गीकरणाची जाडजूड पुस्तिका आली, आणि जगभरच्या पोलिसांनी ती भाषा उचलली. जे दोन्हींत बसेनात त्यांच्यासाठी 'संमिश्र' अशी तिसरी तुकडी काढली. आमच्याकडेही ब तुकडी अशीच भरायची.

या मुलाखतींमधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. एड केम्पर नावाचा खुनी होता. सहा फूट नऊ इंच उंच, अतिशय गोड बोलणारा. रेसलर एकदा त्याच्याशी एकटाच बोलायला गेला. मुलाखत संपल्यावर पहारेकऱ्याला बोलावायची घंटा दाबली, तर कोणी येईना. केम्पर शांतपणे म्हणाला की, आत्ता मी तुझं डोकं उपटून टेबलावर ठेवू शकतो. शेवटी पहारेकरी आला, आणि जाताना केम्पर म्हणाला, गंमत केली. त्यानंतर अशा मुलाखतींना दोघांनी जायचं असा नियम झाला.

पण मला बोलकी वाटली ती त्याआधीची हकिकत. या केम्परने पंधरा वर्षांचा असताना, १९६४ साली, स्वतःच्या आजी-आजोबांना मारलं होतं. त्याला मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळात ठेवलं. तिथे तो इतका शहाण्यासारखा वागे की डॉक्टरांनी त्याला इतर रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायला मदतनीस केलं. चाचणी कशी तपासतात, कुठल्या उत्तराला काय अर्थ लावतात, हे सगळं तो शिकला. १९६९ साली सुटला. १९७२ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासून हा आता धोकादायक नाही असा निर्वाळा दिला, तेव्हा त्याचे नवे खून सुरू झालेले होते. एकूण दहा माणसं मारली त्याने, शेवटी शेवटी आईलाही. परीक्षकालाच उत्तरपत्रिका तपासायचं तंत्र विचारून घेणारा विद्यार्थी, दुसरं काय! आणि याच माणसाने सांगितलेल्या गोष्टींवर या शास्त्राचा पाया घातला गेला.

इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. छत्तीस जण म्हणजे कोण? जे पकडले गेले, आणि पकडले गेल्यावर जे बोलायला तयार झाले, तेवढेच. त्यांतलेही अकरा जण सीरियल किलर नव्हतेच, एकदोन खून करून सापडलेले होते. जे सापडले नाहीत त्यांचं काय? जे गप्प राहिले त्यांचं काय? वर्गात हजर असलेल्या मुलांची उंची मोजायची आणि सगळ्या गावातली मुलं एवढीच उंच म्हणायचं, असं झालं हे.

मी काही पहिलीच शंका घेणारी नाही. डेव्हिड कँटर नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर हे तपासून पाहिलं. अमेरिकेतले शंभर सीरियल किलर घेतले, प्रत्येकाचा एकेक खून घेतला, आणि गुन्ह्याच्या एकोणचाळीस खुणा त्या खुनांमध्ये आहेत की नाहीत ते पाहिलं. दोन तुकड्या खऱ्या असतील तर विस्कळीतपणाच्या खुणा एकत्र सापडायला हव्यात ना? तशा सापडल्या नाहीत. नियोजनाच्या खुणा थोड्याफार बहुतेक सगळ्यांतच होत्या. विस्कळीतपणाच्या कुठे दोन, कुठे चार, इकडेतिकडे विखुरलेल्या. हे वाचून मला हसू आलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची खात्री असायची की ज्याचं अक्षर वाईट त्याचा गृहपाठही नसतो, त्याचं गणितही कच्चं असतं आणि मारामारीही तोच करतो. प्रत्यक्षात अक्षर एकाचं वाईट, गृहपाठ दुसऱ्याचा नसायचा, आणि मारामारी पहिल्या नंबरचा मुलगा करायचा.

दुसरीही एक वर्गवारी आहे, रोनाल्ड होम्स आणि जेम्स डीबर्गर यांची. ती हेतूवरून केलेली. कानात आवाज येतात, आज्ञा होतात म्हणून मारणारे. अमुक प्रकारच्या लोकांचा नायनाट करायचाच अशी मोहीम काढलेले. सुखासाठी किंवा पैशासाठी मारणारे. आणि दुसऱ्यावर पूर्ण सत्ता चालवायची म्हणून मारणारे. वाचायला छान वाटतं, नाटकातल्या पात्रांसारखं. तीही कँटर यांनी त्याच वर्षी तपासली. सत्ता गाजवण्याच्या खुणा बहुतेक सगळ्यांतच आढळल्या. सगळ्याच मुलांना एक तुकडी लागू पडत असेल तर ती तुकडी कसली?

मुळात सीरियल किलर कोणाला म्हणायचं हेही पक्कं नाही. अमेरिकेतल्या १९९८च्या कायद्यात किमान तीन खून हवेत. २००५ साली एफबीआयने सान अँटोनिओला जाणकारांची परिषद भरवली, तिथे दोनावर आले. पासिंगचे मार्क कमी केल्यासारखे!

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला नुसत्या खोड्या काढायच्या आहेत. नाही हो. अंदाज कधीकधी बरोबरही येतात. याच कँटर यांनी १९८६ साली लंडनमधल्या रेल्वे स्थानकांजवळच्या बलात्कारांच्या आणि खुनांच्या प्रकरणात पोलिसांना मदत केली. जॉन डफी हा माणूस संशयितांच्या जवळजवळ दोन हजारांच्या यादीत पार खाली, पंधराशेच्या पुढे कुठेतरी होता. कँटर यांनी गुन्ह्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, हा साधारण कुठे राहत असेल ते सांगितलं, आणखी काही अंदाज दिले, आणि डफीचं नाव वर आलं. मला वाटतं हे जमलं त्याचं कारण त्यात नकाशाचा भाग मोठा होता. माणूस घरापासून किती लांब जाईल, कुठला रस्ता त्याच्या पायाखालचा असेल, हे मोजता येतं. मन मोजण्यापेक्षा ते सोपं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघू. मुंबईतला रमण राघव. १९६५-६६ साली आणि पुन्हा १९६८ साली त्याने झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फोडली. ऑगस्ट १९६८ मध्ये ॲलेक्स फियालो या सब-इन्स्पेक्टरांनी त्याला रस्त्यात ओळखून पकडलं. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. मी तेव्हा सतरा वर्षांची. 'रमण राघव येईल हं' असं सांगून आया मुलांना झोपवायच्या. त्याला कुठल्या तुकडीत घालाल? मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासून गंभीर मनोरुग्ण ठरवलं, आणि फाशीची जन्मठेप झाली. डोक्यात कसले कसले कट शिजत होते, म्हणजे आज्ञा ऐकणारा. जड वस्तूने डोकी फोडणारा, म्हणजे विस्कळीत. पण रात्रीच जायचं, झोपलेलाच गाठायचा, जाताना पैसे आणि भांडी उचलायची, आणि इतकी वर्षं सापडायचं नाही, याला विस्कळीत कसं म्हणायचं? मुख्य म्हणजे त्याला पकडलं ते मनाच्या अभ्यासाने नव्हे. पोलिसांच्या दप्तरात त्याचा जुना फोटो होता आणि एका अधिकाऱ्याने तो लक्षपूर्वक पाहिला होता. पहिल्या खेपेला, १९६६च्या सुमाराला, तो पोलिसांच्या हाती लागून सुटलाही होता.

तुकडी चुकली की शाळेत फार तर एक वर्ष वाया जातं. (फार तर? त्याकडे येते पुढे.) पोलिसांची तुकडी चुकली तर काय होतं, ते लंडनमधल्या विम्बल्डन कॉमन इथे दिसलं. जुलै १९९२ मध्ये तिथे सकाळी फिरायला गेलेल्या एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. मानसशास्त्रज्ञाने खुन्याचं चित्र रेखाटून दिलं: एकलकोंडा, जवळच राहणारा, विचित्र लैंगिक कल्पना बाळगणारा. असा एक तरुण जवळच राहत होता, कुत्रा घेऊन तिथे फिरायचा. पुरावा काही नव्हता. मग एका महिला पोलिसाने नाव बदलून त्याच्याशी मैत्री केली, महिनोन्महिने पत्रं लिहिली, त्याने कबूल करावं म्हणून स्वतःबद्दलच्या भयंकर गोष्टी रचून सांगितल्या. त्याने कबुली दिली नाही, तरी त्याच्यावर खटला भरला. १९९४ साली न्यायाधीशांनी हा सगळा प्रकार मोडीत काढला.

खरा खुनी रॉबर्ट नॅपर. त्याच्या आईने १९८९ सालीच पोलिसांना फोन करून सांगितलं होतं की मुलाने एका बलात्काराची कबुली दिली आहे. पुढे दुसऱ्या तपासात त्याचं नाव आलं तर तो वर्णनापेक्षा उंच आहे म्हणून सोडून दिला. सगळे भलत्याच माणसाची पत्रं वाचत होते तेव्हा, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नॅपरने आणखी एका तरुणीला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं. विम्बल्डनचा गुन्हा त्याने कबूल केला २००८ साली. त्या तरुणाला त्याच वर्षी सात लाख पौंडांवर भरपाई मिळाली. सोळा वर्षांनी.

इथपर्यंत वाचताना मला वाटत होतं की आपलं मत तयार झालं: खुन्यांची वर्गवारी कच्ची आहे, एवढंच लिहायचं. पण पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या तुकड्यांकडे बघते आहे. खुनी सापडतो की नाही हे त्याला कुठल्या कप्प्यात घातलं यावर फारसं अवलंबून नसतंच. मेलेल्या माणसाला कुठल्या कप्प्यात घातलं यावर असतं.

उत्तर इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० या काळात तेरा बायकांना मारलं. सुरुवातीला बळी गेलेल्यांत शरीरविक्रय करणाऱ्या बायका होत्या. पोलिसांनी ठरवून टाकलं की हा वेश्यांचा खुनी. १९७७ साली सोळा वर्षांची दुकानात काम करणारी मुलगी मारली गेली तेव्हा पोलीस आणि वर्तमानपत्रं बोलू लागली की आता 'निष्पाप' मुलगी मेली. म्हणजे आधीच्या कोण होत्या? आणि हा नुसता बोलण्याचा दोष नव्हता. १९७५ साली एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीवर हल्ला झाला, ती वाचली, हल्लेखोराचं वर्णनही तिने दिलं. पण ती वेश्या नव्हती, म्हणून तो हल्ला या मालिकेतला धरलाच नाही. पुढे कोणीतरी एक ध्वनिफीत पाठवली, मीच तो खुनी म्हणून, सुंदरलँडकडच्या बोलीत. झालं, ज्याची बोली तशी नाही तो संशयातून बाहेर. सटक्लिफशी पोलीस नऊ वेळा बोलले होते. नऊ वेळा! शेवटी जानेवारी १९८१ मध्ये तो सापडला तो गाडीवर खोटी नंबरप्लेट होती म्हणून. २०२० साली तो मेला, तेव्हा वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी त्या काळी मृत बायकांबद्दल वापरलेल्या भाषेबद्दल जाहीर माफी मागितली.

डॉक्टर हॅरोल्ड शिपमन यांच्याबद्दल वाचलं त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे. तिथले हे लोकप्रिय डॉक्टर, घरी येऊन तपासणारे. म्हाताऱ्या बायकांना घरी जाऊन मॉर्फिनच्या जातीचं औषध टोचायचे आणि मृत्यूचा दाखला स्वतःच लिहायचे. खटल्यात पंधरा खून सिद्ध झाले. नंतरच्या चौकशीत, २००२ सालच्या अहवालात, दोनशे पंधरा निघाले. त्यांना कुठल्या तुकडीत घालाल? ना लैंगिक हेतू, ना आवाज, ना मोहीम. पैशासाठी म्हणावं तर फक्त शेवटच्या एका बाईंचं खोटं मृत्युपत्र केलं, आणि त्यातच सापडले. वकील असलेल्या मुलीला आईचं मृत्युपत्र खोटं आहे हे कळलं म्हणून. एरवी त्या सगळ्या बायकांना एक तुकडी आधीच मिळालेली होती: वय झालं होतं. सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी बाई दुपारी खुर्चीत मेलेली सापडली तर कोण विचारतो? मार्च १९९८ मध्ये गावातल्याच दुसऱ्या डॉक्टर बाईंनी शंका घेतली, इतकी माणसं कशी मरतात म्हणून. पोलिसांनी वरवर पाहिलं आणि फाईल बंद केली. सप्टेंबरमध्ये अटक होईपर्यंत आणखी तीन बायका गेल्या. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि सून-मुलगा कामावर गेले की दिवसभर एकटी असते, हे सांगायला नकोच.

आपल्या पुण्यातलं सांगते. १९७६-७७ साली मी नुकती नोकरीला लागले होते. जोशी-अभ्यंकर खुनांचे दिवस. संध्याकाळी सात वाजता रस्ते ओस पडायचे, दारावरची बेल वाजली की आम्ही आधी खिडकीतून बघायचो. लोकांचा संशय कोणावर? बाहेरगावच्या टोळ्यांवर, फेरीवाल्यांवर, गोसाव्यांवर. निघाले कोण, तर इथल्याच कला महाविद्यालयातले विद्यार्थी. राजेंद्र जक्कल आणि त्याच्या तीन साथीदारांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. दहा माणसं मारली त्यांनी. अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण गेले, त्यांत घरकाम करणाऱ्या सखूबाई होत्या. इतकी वर्षं मी 'जोशी-अभ्यंकर' म्हणत आले, आता हे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्या नावात सखूबाई कुठे आहेत? आणि मुंबईचं प्रकरण तर आपण खुन्याच्याच नावाने ओळखतो. रमण राघवने मारलेल्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येणार नाही. तुम्हाला येईल?

मघाशी म्हटलं होतं त्याकडे येते. १९७९ किंवा ८० साल असेल. आठवी क माझ्याकडे होती. एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. मागच्या बाकावर बसायची, आवाज कधी ऐकला नव्हता. मी रोज हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गै' लिहीत गेले. पुरेसे दिवस झाल्यावर नियमाप्रमाणे लाल शाईने लिहिलं: सतत गैरहजर, पटावरून नाव कमी केले. मुख्याध्यापकांनी सही केली. अ तुकडीतली मुलगी तीन दिवस आली नाही तर आम्ही शिपायाला घरी पाठवत असू. चांगल्या घरातली मुलगी, काय झालं असेल, म्हणून. क तुकडीतली आली नाही तर काय झालं असणार हे आम्हाला आधीच माहीत असायचं. लग्न लावून दिलं असेल, कामाला लावलं असेल, गावी गेले असतील. अशा मुलींसाठी आमच्याकडे शब्द तयार होता, गळती. तिचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित काहीच झालं नसेल. मजेत असेल कुठेतरी, नातवंडं असतील. पण मी विचारलं नाही हे खरं.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो ऐकून गप्प बसला, मग लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "आजी, हे बघ." अमेरिकेतला सॅम्युअल लिटल नावाचा माणूस. २०१२ साली पकडला गेला, तीन जुन्या खुनांसाठी जन्मठेप झाली. मग २०१८ साली टेक्ससमधल्या एका पोलीस अधिकाऱ्याजवळ त्याने १९७० ते २००५ या काळातल्या त्र्याण्णव खुनांची कबुली दिली. त्या देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सीरियल किलर, असं एफबीआय म्हणते. तीच एफबीआय, तळघरातली. त्यांच्या तुकड्या, पुस्तकं, पुस्तिका तयार होत होत्या त्या काळात हा बहुतेक वेळ मोकळा फिरत होता. कारण मारलेल्या बायका गरीब, बहुतेक काळ्या, काही नशेच्या आहारी गेलेल्या, काही रस्त्यावरच्या. गळा दाबून मारायचा, त्यामुळे सुऱ्याची की गोळीची जखम नसायची. कित्येक मृत्यूंच्या कागदावर नशेचा अतिरेक, अपघात, किंवा कारण अनिश्चित असं लिहिलं गेलं. खून म्हणून नोंदच नाही, तर खुन्याची तुकडी कुठली पाडणार?

तुरुंगात त्याला रंग आणि कागद दिले, आणि आठवतील तशा त्या बायकांचे चेहरे त्याने काढून दिले. ती चित्रं एफबीआयने लोकांसाठी खुली केली, कोणी ओळखलं तर कळवा म्हणून. काही ओळखल्या गेल्या. २०२० साली लिटल मेला, तेव्हाही बऱ्याच चित्रांखाली नाव नव्हतं. साधारण वय, कुठल्या शहरात, कुठल्या सालाच्या सुमाराला, एवढंच.

त्या रात्री मालिका लावली नाही. आम्ही दोघं एकेक चित्र बघत बसलो. नातवाने विचारलं, "आजी, तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं नाव काय होतं गं?"

हजेरी क्रमांक आठवला, २९. लाल शाई आठवली. नाव आठवलं नाही.